परातीखालची हाक

मी एक पांढरा डबा बोलतोय. पायलीभर ज्वारी मावेल एवढाच माझा आकार. डोक्यावर काळी काचेची पाटी, पोटात बॅटरी आणि कुशीला एक लाल बटण. सरकारी कागदात माझं नाव ट्रान्सपॉन्डर असं आहे, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या, मला ‘चुगल्या’ म्हणायचा. सास्तूरच्या सारजाबाई मला ‘पांढरं यंतर’ म्हणतात. यंतर म्हटलेलं मला चालतं. चुगल्या म्हटलं की अजून राग येतो.

माझं काम साधं. मासेमारीच्या बोटीच्या टपावर बसायचं आणि दर अर्ध्या तासानं वर आकाशात सांगायचं, की बोट अमुक ठिकाणी आहे, अमुक वेगानं अमुक दिशेला चालली आहे. आकाशातला उपग्रह ते ऐकतो आणि किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षाला कळवतो. तिथं पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटतो. तो ठिपका म्हणजे बोट आणि बोटीवरची माणसं. लाल बटण दाबलं की ठिपका लाल होतो आणि मदत निघते. मला खोटं बोलता येत नाही, यात माझं काही कौतुक नाही, माझी घडणच तशी आहे. मला गप्प मात्र करता येतं. ते कसं केलं आणि त्यात काय झालं, तेच सांगायला बसलोय.

कारखान्यात माझी परीक्षा घेतली तेव्हा मला मिठाच्या पाण्यात बुडवलं, भट्टीत तापवलं, उंचावरून फरशीवर आपटलं. सगळ्यातून मी शाबूत निघालो. साहेबांनी पाठीवर शिक्का मारला. परातीची परीक्षा घ्यावी, हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

माझी बोट ‘जलराणी’. मालकाला सगळे शेठ म्हणत. तो बंदरातच असायचा. समुद्रावर राज्य तांडेलाचं. दांडगा माणूस, तोंडात कायम शिवी आणि हाताशी लोखंडी पहार. बर्फ फोडायला ती पहार असते, पण माणसांशी बोलतानाही तो ती खाली ठेवायचा नाही.

बोटीवर दोन माणसं समुद्राची नव्हती. धनाजी आणि सिद्धाराम, दोघंही सास्तूरचे. धनाजी तामलवाडीजवळच्या एका ढाब्यावर भाकऱ्या करायचा. तुळजापूरला देवीला आलेला तांडेल तिथं जेवला, भाकरीवर खूश झाला आणि त्यानं धनाजीला बोटीवर स्वयंपाकाला नेलं. पुढच्या वर्षी इंजिनाला माणूस हवा होता, तेव्हा धनाजीनं आपल्या बालमित्राला ओढलं. सिद्धाराम गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. इंजिन ते इंजिन, असं म्हणून तो आला.

धनाजीनं पहिल्यांदा घरी फोन केला तो माझ्या शेजारी टपावर बसून.

‘‘आये, म्या बोटीवर हाय आता.’’

‘‘बोटाला काय झालं रं?’’ सारजाबाई तिकडून घाबरून ओरडल्या. ‘‘इळा लागला का?’’

धनाजी पोट धरून हसला. सास्तूरला बोट म्हणजे हाताचं. दुसरी बोट त्या गावानं कधी पाहिलेली नाही.

सिद्धारामाच्या घरात मासळी शिजत नाही. गळ्यात लिंग घातलेला माणूस, मासळीच्या ढिगाकडं पाठ करून जेवायचा. खलाशी त्याला ‘ए भाकरी’ म्हणून हाक मारत. तिकडं गेल्यावर नवऱ्याचे खायचे हाल होतील म्हणून त्याच्या बायकोनं, इरम्मानं, आपल्या लग्नातली स्टीलची परात बरोबर दिली होती. काठावर नाव घातलेलं होतं : ‘चि. सिद्धाराम व चि. सौ. कां. इरम्मा यांस अंबादास मामाकडून सप्रेम भेट’. धनाजी त्या परातीत रोज भाकऱ्या थापायचा. पहिली भाकरी सिद्धारामाची, मग बाकीच्यांची.

आता परातीकडं येतो. किनाऱ्यालगतचं पाणी छोट्या होड्यांसाठी राखलेलं असतं. मोठ्या बोटीनं तिथं जाळं ओढायचं नाही, ओढलं तर मी लगेच सांगणार. तांडेलाला हे ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. माझ्या डोक्यावर धातूचं काही पालथं घातलं, की माझं बोलणं आतल्या आत घुमतं आणि आकाशाला काही ऐकू जात नाही. मला बंद करायची कळ होती, पण ती फिरवली की त्याची नोंद राहते; परातीखाली मी चालूच असतो आणि सगळं पोटात टिपत राहतो.

‘‘धनाजी, ती परात आण. डब्यावर पालथी घाल,’’ तो एकदा म्हणाला. ‘‘खारं पाणी उडतंय, खराब होईल डबा.’’

धनाजीला ते पटलं. त्याचा जन्मच झाकण्यात गेलेला. पीठ झाक, दूध झाक, ठेचा झाक. उघडं काही दिसलं की त्याचा हात आपोआप पुढं जायचा. त्यानं परात माझ्यावर घातली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वजनही ठेवलं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण इतक्या मायेनं मला कुणीच झाकलं नव्हतं.

दोन-चार वेळा झाल्यावर सिद्धारामानं विचारलं, ‘‘माझी परात हितं काय करती?’’

खलाशी हसले. कुणीतरी खरं काय ते सांगून टाकलं. सिद्धारामाचं तोंड उतरलं.

‘‘धन्या, हे बरं न्हाय. इरीनं भाकरीसाठी दिलीय ती.’’

‘‘आपल्याला काय करायचंय बाबा? म्या भाकरी करावी, तू इंजिन बगावं.’’

असं म्हणून धनाजीनं विषय संपवला, पण त्या दिवसापासून परात घालताना तो माझ्याकडं बघायचा नाही.

नोव्हेंबरातली दुपार होती. जलराणी राखलेल्या पाण्यात शिरली आणि मी परातीखाली गेलो. मला काही दिसत नव्हतं, पण बोटीच्या अंगातला प्रत्येक हादरा कळत होता. थोड्या वेळानं आरडाओरडा ऐकू आला. एका छोट्या होडीचं जाळं आमच्या बोटीखाली येऊन फाटलं होतं. होडीतली चार माणसं शिव्या देत होती. मग दगड आले. त्यांच्या जाळ्याची शिशाची वजनं आली. एक वजन परातीवर आदळलं आणि माझ्या कानठळ्या बसल्या. दुसरं एका खलाशाच्या तोंडावर बसलं, त्याचे दात फुटल्याचं त्याच्या ओरडण्यावरूनच कळलं.

‘‘घाल अंगावर!’’ तांडेल गरजला. तो स्वतःच सुकाणूवर होता.

जलराणी वळली आणि सरळ होडीवर गेली. फळ्या फुटल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सुरुवातीला ठप्प असा आवाज झाला आणि मग लांबलचक करकर. त्या करकरीत एक माणूस ओरडत होता आणि तो मधेच थांबला.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. ते आपोआप पडलं नव्हतं, सिद्धारामानं बंद केलं होतं.

‘‘माणसं हायेत पाण्यात!’’ तो खालून ओरडला. ‘‘पंख्यात घावतील. म्या न्हाय चालवणार!’’

तांडेल खाली उतरला. पहार कशावर तरी दोनदा आदळली. मग शिडीवर धडपडणारी पावलं आली, परात उचलली गेली आणि माझ्यावर ऊन पडलं. समोर सिद्धाराम होता. डावा कान फाटून लोंबत होता, सदरा रक्तानं छातीला चिकटला होता. डाव्या हातात परात होती आणि उजवा हात माझ्या लाल बटणाकडं येत होता.

बटणाला आणि त्याच्या हाताला वीतभर अंतर उरलं होतं. तांडेलानं मागून पहार घातली. सिद्धाराम वळला, त्यानं परात आडवी धरली. घाव परातीवर बसला. परातीला मूठभर पोचा पडला आणि ती हातातून सुटून माझ्याजवळ आली. दुसरा घाव आडवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तो डोक्यावर बसला. सिद्धाराम टपावरून सरळ समुद्रात गेला.

तो मेला नव्हता, हे मला सांगायलाच हवं. तो वर आला. होडीचा एक फुटका तुकडा तरंगत होता, तो त्यानं काखेत धरला आणि हात वर केला. पलीकडं होडीतले दोघं तसेच लोंबकळत होते. उरलेले दोघं दिसत नव्हते, पाणी तेवढं तांबडं दिसत होतं.

तांडेल खाली गेला आणि त्यानं स्वतः इंजिन चालू केलं. जलराणी निघाली. तेव्हा धनाजी रांगत टपावर आला. त्यानं मित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि लाल बटण दाबलं.

मी ओरडायला सुरुवात केली. माझा दिवा लालभडक लुकलुकू लागला. वर हाक पोचायला मला मोकळं आभाळ लागतं आणि थोडा वेळ लागतो, मिनिटभरच. खालून तांडेलाचा आवाज आला, ‘‘टपावर कोण आहे रे?’’

धनाजी दचकला. लाल दिवा तांडेलाला दिसेल, एवढंच त्याच्या मनात आलं. दिवा लपवायला हाताशी जे होतं ते त्यानं केलं. त्यानं माझ्यावर परात पालथी घातली.

त्याला वाटलं, बटण दाबलं म्हणजे हाक गेली. आता फक्त दिवा झाकायचा. गाडग्यात दिवा ठेवला तरी तो जळतच राहतो, तसं काहीसं त्याला वाटलं असावं. मी परातीखाली अर्धा तास ओरडत होतो. एकही हाक बाहेर गेली नाही. तो मात्र शेजारी बसून आभाळाकडं बघत मदतीची वाट पाहत होता.

अर्ध्या तासानं तांडेल वर आला. परात उचलून त्यानं दिवा पाहिला, माझी कळ फिरवली, मला उपटलं आणि धनाजीच्या अंगावर फेकलं.

‘‘हा परातीखालून कोणाला ऐकू जातो का रे गाढवा?’’ तो हसला. ‘‘टाक पाण्यात. आणि गावात तोंड उघडलंस तर तुझ्या म्हातारीला घरात जाळीन.’’

त्याचं हसणं मी विसरलो नाही. धनाजीचं तोंड मला त्याहून जास्त आठवतं. आपण काय केलं ते त्याला त्या क्षणी कळलं.

त्यानं मला पाण्यात टाकलं नाही. तांडेलाची पाठ फिरताच त्यानं माझ्याऐवजी मिठाचा डबा पाण्यात फेकला आणि मला ज्वारीच्या पिठात पुरलं. पुढचे दोन दिवस बोटीवर अळणी कालवण होतं.

होडीतल्या चौघांपैकी दोघं दुसऱ्या होडीला जिवंत सापडले, दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. सिद्धाराम कधीच सापडला नाही. बोट कुठली ते जिवंत माणसांना सांगता आलं नाही. शेठनं लिहून दिलं, की डबा त्या दिवशी सकाळीच लाटांत समुद्रात पडला आणि दुपारी जलराणी दुसरीकडं होती. त्यानं इरम्मालाही फोन केला. तुझा नवरा बंदरातल्या एका बाईबरोबर पळून गेला, म्हणाला.

अशा रीतीनं मी सास्तूरला आलो, समुद्रापासून इतक्या लांब की हवेत मिठाचा कणही नाही. धनाजीनं मला घरातल्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत तळाशी लपवलं. परात इरम्माला परत नेऊन दिली.

‘‘भावजी, हे कुठं हायेत?’’ तिनं विचारलं.

‘‘मला न्हाय म्हाईत वैनी.’’

‘‘मग परातीला पोचा कशानं पडला?’’

‘‘पडली आसंल कुठं तरी.’’

तो तिथून पळाल्यासारखा आला. कोठीजवळ बसून एकटाच रडला, ते मी पत्र्याआडून ऐकलं.

चार महिने गेले. इरम्मा रोज त्या परातीत भाकरी थापायची. पोचा पडला तिथं भाकरी नीट फिरायची नाही. ती धनाजीला वाटेत गाठायची आणि तोच एक प्रश्न विचारायची. गावात बाया तिच्या कुंकवाकडं बघून कुजबुजायच्या. नवरा जिवंत असेल तर तो बदफैली, मेला असेल तर हिनं कुंकू का ठेवलंय. तिला दोन्हीकडून बोलणं खावं लागत होतं. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. माती कुणाला द्यायची आणि कुठं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. सांगू शकणारे दोघंच होतो. एक कोठीत गप्प, एक कोठीबाहेर गप्प.

कोठीतली ज्वारी खाली खाली येत गेली आणि एक दिवस सारजाबाईंचा हात मला लागला. धनाजी शेतात होता. त्यांनी मला बाहेर काढलं, ओसरीपुढच्या उन्हात वाळवणाशेजारी ठेवलं आणि लुगड्याच्या पदरानं पुसलं. पुसता पुसता माझी कळ फिरली. डोक्यावरच्या पाटीला चार महिन्यांनी ऊन लागलं. वर तेच आभाळ आणि तोच उपग्रह. त्याला समुद्र काय आणि सास्तूर काय, सारखंच. मी सवयीनं सांगून टाकलं : जलराणी इथं आहे, वेग शून्य.

पुढं कोर्टात ऐकलं, की नियंत्रण कक्षात त्या दिवशी मोठा हशा पिकला. मासेमारीची बोट धाराशिव जिल्ह्यात! कुणीतरी शेठला फोन करून गंमत सांगितली आणि वहीत ‘यंत्रात बिघाड’ असं लिहिलं. शेठ काही हसला नाही.

धनाजी घरी आला, मला उन्हात बघून त्यानं आधी कळ फिरवून मला बंद केलं. आईनं विचारलं तेव्हा त्याला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं, परातीसकट.

सारजाबाईंनी मला पुन्हा एकदा पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, ‘‘भूकंपात म्या दगडाखाली व्हते. पहाटंपसून दुपारपर्यंत. तुझा बाप शेजारी मरून पडला व्हता, पर मला त्याचं बी भान नव्हतं. वर माणसं चालत व्हती. म्या वरडत व्हते आन् ती डोक्यावरून निघून जात व्हती. दगड लागल्याचं आता काय वाटत न्हाय. ती पावलं अजून ऐकू येत्यात.’’

‘‘आये…’’

‘‘तिला जाऊन सांग. तू माझ्यावरून चालत गेल्यावानी वाटतंय मला.’’

तरी त्याला पाच दिवस लागले. मी भित्र्याला भित्राच म्हणेन, पण तांडेलाची धमकी त्यानं खोटी मानली नव्हती आणि ती खोटी नव्हतीही.

पाचव्या दिवशी दुपारी तो मला पोत्यात घालून इरम्माच्या घरी गेला. सारजाबाईही मागोमाग आल्या. इरम्मा अंगणात चुलीपुढं भाकऱ्या करत होती. धनाजी तिच्यासमोर बसला आणि त्यानं मला बाहेर काढलं.

‘‘वैनी, सिद्धा पळून गेला न्हाय. त्याला मारलं. माणसं वाचवायला त्यानं इंजिन बंद केलं, म्हून मारलं.’’

तिचा हात पिठात तसाच राहिला. ‘‘आन् पोचा?’’

धनाजीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याचा माग काढत आलेली जीप दारात थांबली. दोन माणसं उतरली. दोघंही बंदरावर पाहिलेली, शेठची. एकाच्या हातात ट्रॅक्टरची साखळी होती, दुसऱ्याच्या हातात दांडकं.

‘‘डबा दे,’’ साखळीवाला म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्यानं साखळी घातली. ती धनाजीच्या तोंडावर बसली. गाल फाटला, दाढ भाकरीच्या पिठात पडली. दुसऱ्यानं पाठीत दांडकं घातलं. सारजाबाई मधे पडल्या तर त्यांना चुलीवर ढकललं. लुगड्याच्या ओच्यानं पेट घेतला, तो त्यांनी स्वतःच हातानं चुरगळून विझवला.

इरम्मा उठली. पिठासकट परात तिच्या हातात होती. तिनं ती दोन्ही हातांनी फिरवली आणि काठ दांडकेवाल्याच्या भुवईवर उतरवला. हाड दिसलं. तो ओरडत खाली बसला, तिनं आणखी एकदा घातली, आणि तिसऱ्यांदा.

धनाजीनं मला उचललं. घराला बाहेरून स्लॅबवर जायला शिडी होती. भूकंपानंतर बांधलेल्या त्या घरांचं छप्पर सपाट असतं, वर आभाळाशिवाय काही नसतं. तो रक्त गाळत वर चढला. त्यानं मला स्लॅबच्या मधोमध ठेवलं, कळ फिरवली आणि लाल बटण दाबलं.

दिवा लुकलुकायला लागला. मी ओरडू लागलो. मिनिटभर हवं होतं मला, फक्त मिनिटभर.

साखळीवाला वर आला. त्यानं माझ्यावर साखळी उगारली. धनाजीनं आपला हात माझ्या कडेला आडवा धरला, डोक्यावर धरला नाही. माझ्यावर सावलीसुद्धा पडू नये याची त्याला काळजी होती. साखळी त्याच्या हातावर बसली. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. बोटं स्लॅबवर चेंगरत होती. त्याची किंकाळी गेली असेल गावाबाहेरपर्यंत, पण हात तिथंच होता.

‘‘झाकू न्हाय,’’ तो मधे मधे बडबडत होता. ‘‘ह्या येळंला झाकू न्हाय.’’

खाली सारजाबाई ओरडल्या, ‘‘इरे, परात वाजीव! वाजीव परात!’’

सास्तूरला भूकंपापासून एक रीत आहे. जमीन हलल्याची शंका आली की कुणीतरी ताट-परात बडवायची आणि ऐकलेल्या प्रत्येकानं हातातलं काम टाकून उघड्यावर यायचं. शेजाऱ्यांच्या भांडणात लोक दार लावून घेतील, पण परात वाजली की घरात कुणी राहत नाही. इरम्मानं चुलीतलं लाकूड घेतलं आणि परात बडवली. पोचा पडलेली परात, नीट वाजतही नव्हती, फुटक्यासारखा आवाज होता. पण तो ऐकून सगळी आळी बाहेर आली. म्हातारे, बाया, जेवती माणसं हात न धुता आली. जमीन तर हलत नव्हती. त्यांना स्लॅबवर एक माणूस दुसऱ्याला साखळीनं मारताना दिसला.

पुढचं मला सांगायला बरं वाटत नाही. लोकांनी त्या दोघांना जीपमधे पोचू दिलं नाही. पोलीस पाटील महारुद्र आले नसते तर ते जिवंत राहिले नसते. महारुद्रांनी गर्दी मागं सारली, तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. नियंत्रण कक्षातून निवेदिता नावाची बाई बोलत होती. त्याच ठिकाणाहून दुसऱ्यांदा ठिपका आला आणि या वेळी तो लाल, हे बघून तिनं वहीत बिघाड लिहिला नव्हता. तिनं गाव शोधलं आणि पोलीस पाटलाचा नंबर काढला.

‘‘तुमच्या गावात बोट संकटात आहे का?’’ तिनं विचारलं.

महारुद्रांनी स्लॅबवर धनाजीच्या हाताकडं पाहिलं.

‘‘व्हय बाई,’’ ते म्हणाले. ‘‘एक न्हाय, तीन बोटं हायेत. तिन्ही गेली.’’

निवेदिताला काहीच उमगलं नाही, पण तिनं फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं लोहाऱ्याहून पोलीस आले. माझ्या पोटात तार घालून साठवलेलं सगळं वाचलं गेलं. नोव्हेंबरातली ती दुपार, बोट कुठं होती, कधी वळली, कधी थांबली आणि कुठल्या ठिकाणी कुणीतरी लाल बटण दाबलं होतं. शेठ आणि तांडेल त्याच आठवड्यात धरले गेले.

दवाखान्यात धनाजीनं इरम्माला पोच्याबद्दल सांगितलं. परात पालथी घातल्याचंही सांगितलं. ती उठून गेली. त्यानंतर ती आजवर त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. सारजाबाईंकडं मात्र रोज भाकरी पाठवते, दोघांना पुरेल एवढी. याचा अर्थ मला लावता येत नाही. मला ठिकाणं कळतात, माणसं नीट कळत नाहीत.

आता मी मुद्देमाल आहे. मालखान्यात खाकी पुठ्ठ्याच्या खोक्यात असतो, गळ्यात नंबराची चिठ्ठी. माझी काच तडकली आहे आणि बॅटरी संपत आली आहे. परातही मुद्देमालच, पण फोटो काढून कोर्टानं ती इरम्माला परत दिली, दर तारखेला हजर करायच्या अटीवर. तेवढ्यापुरती आमची भेट होते.

मागच्या तारखेला आम्ही दोघं टेबलावर होतो. इरम्माच्या कपाळावर कुंकू नव्हतं. परातीच्या काठावर अंबादास मामाच्या नावापुढं नवीन अक्षरं कोरलेली होती. ती वाचून माझ्या संपत आलेल्या जिवात एकदम धग आली. ते माझेच आकडे होते, सतरा अंश दोन कला, त्र्याहत्तर अंश अकरा कला. समुद्रात बटण दाबलं ती जागा. हवालदार योगीराजनं सहज विचारलं, ‘‘हे काय घातलंय बाई?’’

‘‘पत्ता हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मालकांचा. तितं माती द्याया येत न्हाय, म्हून हितं कोरला.’’

तेवढ्यात पुढच्या खटल्याची फाइल आली. टेबलावर जागा नव्हती. योगीराज भला माणूस, त्यानं आवराआवर करायला परात उचलली आणि भांड्यावर भांडं ठेवावं तशी ती सहज माझ्यावर पालथी घालायला नेली. मी ओरडू शकलो नाही. कोपऱ्यातल्या बाकावरून धनाजी थोटा हात पुढं करून अर्धवट उठला.

त्याच्या आधी इरम्मा पोचली होती. तिनं हवालदाराचं मनगट धरलं. सगळं कोर्ट तिच्याकडं बघत होतं आणि ती धनाजीकडं बघत होती, वर्षभरात पहिल्यांदा.

‘‘झाकू नगा, सायेब,’’ ती म्हणाली. ‘‘उघडं ऱ्हाऊ द्या त्याला.’’